फुलांच्या वाटेवर : बारामती ते नीरा नरसिंहपूर

आमच्या अंगणातील जास्वंदीला सकाळचा पहिला हात लागतो तो आत्याचा. तिचे वय आज ७९. उजवा गुडघा दुखरा, एका कानाने थोडे कमी ऐकू येते, रक्तदाबाची गोळी गेली कित्येक वर्षे चालू आहे. तरीही सहा वाजता परडी घेऊन ती झाडापाशी उभी असते. मी नऊ वर्षांचा असताना माझी आई गेली. आत्याने मला बारामतीस आपल्या घरी आणले, शाळेत घातले, पुढे वैद्यकीय शिक्षणासाठी पाठविले. तिला स्वतःचे मूलबाळ झाले नाही. बारा वर्षांपूर्वी तिचे यजमान निवर्तले, तेव्हापासून ती आमच्याकडे असते.

गेल्या माघात एके दिवशी तिने सांगितले, "नरसिंहाला जाऊन येऊ. गुडघा चालतोय तोवर." नीरा नरसिंहपूर हे तिच्या सासरचे कुलदैवत. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, इंदापूर तालुक्यात, नीरा आणि भीमा या नद्यांच्या संगमावर लक्ष्मीनरसिंहाचे हे देऊळ आहे. वाटेत तिच्या दिराच्या मुलाची डाळिंबाची बाग लागते. तिथेही घटकाभर थांबायचे ठरले. प्रवास एका दिवसाचा होता. परंतु त्या दिवशी वाटेत भेटलेल्या फुलांनी एक असा विषय पुढे आणून ठेवला, की ज्याला डॉक्टर असूनही मी इतकी वर्षे हात घातला नव्हता.

परडीतले फूल

निघताना आत्याने गाडीतल्या गणपतीसाठी एक जास्वंद बरोबर घेतली. वाचकहो, फुलाची रचना समजून घ्यायची असेल तर जास्वंदीसारखा गुरू नाही. सगळे अवयव कसे मोठे आणि मोकळे. देठाकडून वर पाहत जावे. सर्वांत बाहेर हिरव्या पाकळ्यांचा पेला असतो, तो निदलपुंज. कळी असताना आतल्या नाजूक भागांना ऊन, वारा आणि किडीपासून जपणे हे त्याचे काम. त्याच्या आत पाच तांबड्या पाकळ्या, तो दलपुंज. हा म्हणजे पाहुण्यांसाठी लावलेला रंगीत पडदा.

मधोमध जी लांब दांडी बाहेर डोकावते, तिच्याभोवती पिवळ्या टोप्यांचे अनेक तंतू दिसतात. हे पुंकेसर, टोप्यांत परागकण असतात. या सर्वांना मिळून पुमंग म्हणतात. त्याच दांडीच्या आतून एक सूक्ष्म नळी वर जाते आणि टोकाला पाच मखमली ठिपक्यांत उघडते. ती कुक्षी. नळीला कुक्षीवृंत म्हणतात आणि ती तळाशी ज्या फुगीर भागात पोहोचते तो अंडाशय. हे जायांग, म्हणजे फुलातील स्त्रीभाग. परागकण कुक्षीवर पडला की तो रुजतो, त्याची बारीक नळी कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडापर्यंत जाते. तिथे फलन होते, बीजांडाचे बी बनते आणि अंडाशयाचे फळ.

ज्या फुलात हे दोन्ही भाग असतात ते द्विलिंगी; एकच असेल तर एकलिंगी. एवढ्या दोन शब्दांवर फुलांचे सारे घर उभे आहे. पण त्या घराच्या खोल्या किती निरनिराळ्या आहेत, हे पुढच्या वाटेवर दिसत गेले.

कऱ्हाकाठ ते कालवा

बारामती हे कऱ्हेच्या काठचे गाव. कविवर्य मोरोपंतांचे वास्तव्य इथलेच. १७२९ ते १७९४ हा त्यांचा काळ. ते आपल्या अखेरच्या दिवसांत इथे लेखन करीत होते, त्याच सुमारास, १७९३ मध्ये, दूर जर्मनीत क्रिस्टियान कोन्राड श्प्रेंगेल नावाच्या एका शिक्षकाने फुलांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलांचा रंग, गंध, मध आणि पाकळ्यांवरील रेघा हे सारे कीटकांना बोलावण्यासाठी आहे, असे त्याने वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून दाखविले. त्याच्या हयातीत त्या ग्रंथाची फारशी कदर झाली नाही. त्याहून शंभर वर्षे आधी, १६९४ मध्ये, ट्यूबिंगेन येथील रुडॉल्फ कामेरारियस या वैद्याने वनस्पतींतही नर आणि मादी असतात हे प्रयोगाने सिद्ध केले होते. त्याने मक्याच्या कणसाचे केस काढून टाकले. कणसात दाणे भरले नाहीत. एका वैद्याला फुलांची ओढ असावी, याचा मला उगाचच आधार वाटतो.

काटेवाडी मागे पडली. भवानीनगरच्या साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्या चालल्या होत्या. रस्त्याच्या कडेला तुरा आलेला ऊस वाऱ्यावर चंदेरी दिसत होता. त्या तुऱ्यात बारीक द्विलिंगी फुलेच असतात, पण शेतकऱ्याला त्यांचे कौतुक नाही. तुरा आला की उसाची वाढ थांबते आणि तोड लांबली तर वजन व गोडी घटते. ऊस बियांवर नव्हे, कांडीवर लावला जातो. फूल असूनही फुलाची गरज नाही, अशी ही पहिली तऱ्हा.

पुढे मक्याचे शेत लागले. आत्याचा गुडघा आखडू नये म्हणून तासाभराने थांबायचे आमचे ठरलेलेच होते, तिथे थांबलो. मक्याच्या शेंड्यावरचा तुरा म्हणजे नर फुलांचा झुबका आणि खाली पानाच्या बगलेतले कणीस म्हणजे मादी फुलांची रांग. दोन्ही एकाच झाडावर, पण वेगवेगळ्या जागी. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही त्या जागी दाणा भरत नाही. हे ऐकून आत्या म्हणाली, "म्हणजे बोळकं कणीस असतं, त्यात कणसाचा दोष नाही?" मी सहज उत्तरलो, "नाही. वरून पराग आला नाही एवढंच." ती पुढे काही बोलली नाही. मलाही त्या प्रश्नाचे मोल तेव्हा कळले नाही.

शेजारी बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे डेंगळे फुलले होते. कांद्याच्या त्या गोल गेंदात शेकडो पांढरी फुले असतात. प्रत्येक फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही आहेत, पण पुंकेसर आधी पिकून पराग सांडून जातात आणि कुक्षी त्यानंतर तयार होते. स्वतःचा पराग स्वतःला लागू नये यासाठी निसर्गाने वेळ बदलून दिलेली आहे. मग काम उरते ते मधमाशीकडे. फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारले, की डेंगळे भरगच्च दिसूनही बी कमी भरते, हे इथला शेतकरी अनुभवाने शिकला आहे.

डाळिंबाची बाग

दिराच्या मुलाची बाग ऐन आंबे बहरात होती. डाळिंबाला वर्षात मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहर धरता येतात. बागेचे पाणी तोडून ताण द्यायचा, पानगळ झाली की छाटणी करायची, खत घालून पुन्हा पाणी सोडायचे. म्हणजे नव्या पालवीबरोबर कळी निघते. पुतण्याने आत्याला बांधावर खुर्ची दिली, पण ती बसली नाही. काठी टेकत ती झाडाच्या सावलीत गेली. खाली केशरी-तांबड्या फुलांचा सडा पडला होता.

बागेत काम करणारी एक बाई टोपली घेऊन जाता जाता म्हणाली, "ही समदी वांझोटी फुलं, आजी. नुसती दिसायला. गळायचीच."

पुतण्या हसून म्हणाला, "काकू, त्यांना नर फुलं म्हणतात." त्याने दोन फुले तोडून नखाने उभी चिरून दाखविली. एकाचा तळ कलशासारखा गोल व फुगीर होता. आत अंडाशय भरलेला, कुक्षीवृंत पुंकेसरांच्या उंचीपर्यंत पोहोचलेला. हे द्विलिंगी फूल. डाळिंब यालाच लागते. दुसरे घंटेसारखे, देठाकडे निमुळते. अंडाशय नावापुरता, कुक्षीवृंत आखूड, पण पुंकेसर भरघोस आणि परागाने पिवळे. हे नर. या दोहोंच्या मधल्या घडणीचीही काही फुले असतात. त्यांना क्वचित फळ धरते, पण ते टिकेल याची खात्री नसते. डाळिंबाच्या माथ्यावरचा मुकुट म्हणजे त्याच कलशाकार फुलाचा निदलपुंज. पाकळ्या गळतात, तो फळावर शेवटपर्यंत राहतो.

झाड इतकी नर फुले काढते तरी कशाला? एक फळ पोसायला झाडाला फार शक्ती लागते. प्रत्येक फुलाला फळ धरले तर फांदी मोडेल आणि झाड खचेल. नर फुलाला खर्च कमी. त्यातला पराग मधमाश्या नेतात आणि शेजारच्या कलशाकार फुलांवर सोडतात. त्या फुलांची फळे भरण्यात त्याचाही वाटा असतो. दोन प्रकारच्या फुलांचे प्रमाण जात, झाडाचे वय, बहर, पाणी आणि पोषण यांवर बदलते. आंब्याच्या मोहोरातही हेच आहे: एका मोहोरावर नर आणि द्विलिंगी अशी मिळून शेकडो, कधी हजारांवर फुले असतात आणि शेवटी हाती लागतात त्या मोजक्या कैऱ्या. गळलेला मोहोर वाया गेला असे आपण म्हणतो. पण तो फुललाच नसता, तर माश्या त्या झाडाकडे फिरकल्या असत्या का?

हे सारे पुतण्या आणि मी उत्साहाने बोलत होतो. आत्या मात्र गप्प झाली होती. तिने वाकून एक घंटेसारखे फूल उचलले आणि पदराच्या टोकात बांधले.

निमगाव केतकीचे पान

पालखीमार्गावरचे निमगाव केतकी हे पानमळ्यांचे गाव. शेवरीच्या आधाराने चढलेल्या नागवेली, आत गारवा आणि ओलसर मातीचा वास. पानवेलीत नर वेल वेगळी आणि मादी वेल वेगळी. परंतु मळ्यात लागवड फाट्यांच्या तुकड्यांवर होते आणि पाने सतत खुडली जातात, म्हणून या वेलीचे फूल बहुतेकांनी पाहिलेलेच नसते. पपईतही अशी फारकत दिसते: नर झाडाला लांब लोंबत्या दांड्यांवर फुले येतात, मादीची फुले खोडाला चिकटून असतात आणि काही जातींत द्विलिंगी फुलांची झाडे असतात. रोप लावताना त्यातले कोणते काय हे दिसत नाही. फुलोरा आल्यावरच कळते.

गावाच्या नावात केतकी आहे, म्हणून त्या फुलाविषयीही सांगतो. केतकीतही नर आणि मादी झाडे स्वतंत्र. ज्या सुगंधी केवड्यासाठी आपण जीव टाकतो, तो नर झाडाचा फुलोरा असतो. मादी झाडाला तसा दरवळ नाही. तिला अननसासारखे दिसणारे फळ लागते.

आत्याने देवासाठी विड्याची पाने घेतली. जाता जाता डॉक्टर म्हणून एक वाक्य: नुसते पान निराळे, त्यातली सुपारी कर्करोगाला कारण होते हे सिद्ध झालेले आहे, तंबाखू नसली तरीही. घरातल्या ज्येष्ठांची सुपारी सुटत नसेल तर निदान तोंडात न भरणारा व्रण, पांढरा डाग किंवा तोंड कमी उघडणे यांकडे लक्ष ठेवावे आणि पंधरा दिवसांत बरे न झाल्यास दाखवावे.

गाडी सुरू झाल्यावर आत्याने पदराची गाठ सोडली. फूल कोमेजले होते.

"हे नर फूल ना रे?"

"हो."

"मग ती बाई याला वांझोटं का म्हणाली?"

"फळ लागत नाही म्हणून."

ती थोडा वेळ बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे फुलातसुद्धा दोष गेला तो बाईच्याच नावावर."

मी गाडी कडेला घेतली. इतक्या वर्षांत तिने कधी न सांगितलेले तिने त्या दिवशी सांगितले. लग्नानंतर चौथ्या वर्षापासून उपास, गंडे, प्रदक्षिणा. दोनदा तिला एका डॉक्टरांकडे पिशवी धुण्यासाठी नेले. दुसऱ्या वेळी ताप येऊन ती तीन आठवडे अंथरुणाला खिळली. बारशाला तिला मागे उभे राहायला सांगत. सासूबाईंनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला तेव्हा यजमानांनी साफ नकार दिला. "ते भले होते," ती म्हणाली. "पण आधी मला तपासा, असं त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. डॉक्टरलाही नाही. तू डॉक्टर आहेस, तूच सांग, तपासायला हवं होतं ना?"

मी म्हणालो, "हो आत्या. आधी त्यांनाच तपासायला हवं होतं."

त्यांचा दोष होता असे मी म्हणू शकत नाही. तपासणीच झाली नाही, म्हणून आता कोणालाच ते सांगता येणार नाही. पण एक गोष्ट मी तिला सांगितली आणि तुम्हालाही सांगतो. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडेही सुना आणल्या जात. सोबत सासू असे, नवरा नसे. मी सुनेचे रक्त तपासायला लिहून देई, गोळ्या लिहून देई आणि नवऱ्याला बोलावण्याचा आग्रह धरीत नसे. गावात वाईटपणा नको, हे त्याचे कारण. ज्या बाईच्या घरी मी लहानाचा मोठा झालो, तिच्यावर जे झाले तेच मी माझ्या दवाखान्यात इतरांवर होऊ देत होतो.

वैद्यकशास्त्र काय सांगते ते स्पष्ट आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा पूर्ण किंवा अंशतः वाटा असतो. वीर्यतपासणी साधी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. एक वर्ष प्रयत्न करूनही गर्भ न राहिल्यास, आणि स्त्रीचे वय पस्तिशीपुढे असल्यास सहा महिन्यांनी, दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करावी. आपल्या बोलीत 'वांझ' या शब्दाला पुरुषासाठी जोड नाही. शब्दच नसला की प्रश्नही विचारला जात नाही.

उंबराखाली

इंदापूर ओलांडून बावड्याकडून आम्ही नरसिंहपूरला पोहोचलो तेव्हा ऊन चढले होते. दर्शन शांतपणे झाले. पायऱ्या उतरताना एकेक पायरी, दुखरा पाय आधी खाली, हात कठड्यावर. चढताना चांगला पाय आधी. नदीकडे एका उंबराची दाट सावली होती, तिथे आम्ही डबा उघडला. हिरण्यकशिपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा दाह उंबराच्या फळांत शमला, ही कथा आत्याने मला लहानपणी अनेकदा सांगितलेली होती. त्या दिवशी उंबराची दुसरी कथा मी तिला सांगितली.

दुर्मीळ माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो. पण उंबराला फुले भरपूर असतात. ती दिसत नाहीत एवढेच. ज्याला आपण फळ म्हणतो ती आतून पोकळ अशी एक कुपी असते आणि तिच्या आतल्या भिंतीवर शेकडो सूक्ष्म फुले असतात. कुपीच्या टोकाच्या बारीक छिद्रातून एक चिमुकली गांधीलमाशी आत शिरते. ती दुसऱ्या उंबरावरचा पराग घेऊन आलेली असते. आत काही मादी फुलांचे कुक्षीवृंत लांब असतात. त्यांना पराग मिळतो आणि तिथे बी धरते. काहींचे आखूड असतात. त्यांत ती आपली अंडी घालते. त्या फुलांत बहुधा बी होत नाही. त्यांत माशीची पिल्ले वाढतात. ती मोठी होतात त्याच सुमारास छिद्राजवळची नर फुले पिकतात, आणि नव्या माश्या त्यांचा पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. आखूड फुलांनी ती पिल्ले पोसली नसती, तर पराग नेणारे कोणी उरले नसते आणि उंबराचा वंश तिथेच थांबला असता.

आत्याने भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारले, "म्हणजे बी नसलेलं फूल दुसऱ्याचं पोर वाढवतं?"

"हो."

"मग ते फूल आत्या आहे म्हण की."

आणि ती हसली. मीही हसलो. डोळे पुसण्यासाठी मला मात्र नदीकडे तोंड करावे लागले.

इथे एक सांगणे अगत्याचे आहे. फुलांवरून माणसाचे मोल ठरवू नये. फळ देणारी, पराग देणारी, पिल्ले पोसणारी अशी फुलांची विभागणी निसर्गाने केली आहे, पण त्यांतल्या कोणालाही उणे लेखणारा शब्द त्याच्याकडे नाही. तो शब्द आपण बनविला, आणि आत्यासारख्या किती स्त्रियांनी तो साठ साठ वर्षे मुकाट्याने वागविला.

घरच्यांसाठी थोडेसे

ज्येष्ठांना घेऊन असा एक दिवसाचा प्रवास करणार असाल, तर पहाटे निघा आणि दर तासाला पाच-दहा मिनिटे चालवा. लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यावी हे आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गोळी परस्पर चुकवू नका. पाणी कमी पाजून प्रवास सोपा करू नये. उन्हात त्याने चक्कर येते आणि रक्तदाब उतरतो.

परागांविषयी एक गैरसमज दूर करतो. दमा किंवा शिंकांचा त्रास असलेले आजोबा गुलाब, जास्वंद यांपासून दूर पळतात. पण कीटकांनी न्यायचा पराग जड आणि चिकट असतो. तो सहसा फुलातच राहतो. त्रास अधिक देतो तो वाऱ्यावर उडणारा हलका पराग: गवते, एरंड आणि त्यांसारख्या साध्या, रंगहीन फुलांचा. गाजरगवत तर निराळेच संकट आहे. १९५० च्या दशकात पुणे परिसरात नोंद झालेले हे तण आता बांधाबांधावर आहे. त्याच्या पराग व धुळीने दमा बळावतो आणि वयस्कर शेतकऱ्यांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या येथे खाजरा, काळसर इसब उठतो. ते फुलण्याआधी, हातमोजे घालून आणि नाक-तोंड झाकून उपटावे. इसब असलेल्याने ते काम करू नये.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला बागेत नेताना कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, आणि धोत्रा यांपासून सांभाळा. हात लावल्याने नव्हे, पण तोंडात घातल्याने ही झाडे घातक ठरतात. कण्हेरीचे विष हृदयाची लय बिघडविते. असे घडल्याचा संशय आला तरी घरगुती उपाय करीत न बसता, झाडाचा तुकडा सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

आणि शेवटचे: सोबत बसून ऐका. माझ्या रुग्णांतील कित्येक वृद्ध स्त्रिया झोप येत नाही, छातीत भरून येते, म्हणून येतात. तपासण्या अवश्य कराव्यात. हृदयविकार नाही याची खात्री करूनच पुढे बोलावे. पण सगळे अहवाल चांगले आले, तर एखाद्या दुपारी विचारा, "तुमच्या लग्नानंतरची पहिली वर्षं कशी होती?" मी हा प्रश्न आत्याला चाळीस वर्षांत विचारला नव्हता. त्यासाठी डाळिंबाचे एक फूल खाली पडावे लागले.

गच्चीवरचा वेल

परतल्यावर आत्याने गच्चीवर मोठ्या कुंडीत लाल भोपळ्याचा वेल लावून घेतला. भोपळ्याला नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात, पण एकाच वेलावर. मादी फुलाच्या पाठीशी इवलासा भोपळा आधीच दिसतो. नर फूल नुसत्या लांब देठावर उभे असते. सुरुवातीचे काही दिवस बहुधा नर फुलेच येतात आणि गळतात. तेव्हा घाबरून जाऊ नये. गच्चीवर माश्या कमी येतात, म्हणून सकाळी उमललेले नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचे पुंकेसर मादी फुलाच्या कुक्षीवर हलकेच फिरवावे. ज्येष्ठांसाठी याहून चांगला उद्योग मला माहीत नाही. पहाटे उठायला कारण मिळते, बोटांना नाजूक काम मिळते आणि कालच्या फुलाचे आज काय झाले हे पाहण्याची ओढ राहते. कुंडी कमरेच्या उंचीवर ठेवावी, फरशी ओली नसावी, शेजारी खुर्ची असावी.

मार्चअखेर एका सकाळी शेजारच्या नव्या सूनबाई गच्चीवर आल्या. खाली पडलेली पिवळी फुले पाहून त्या हळहळल्या, "आजी, एवढी फुलं वाया गेली हो."

आत्या पुंकेसर हातात धरून वेलाशी वाकलेली होती. मान वर न करता ती म्हणाली, "वाया कुठली? ती नर फुलं आहेत. त्यांचं काम झालं." मग तिने त्यांना शेजारी बोलावून घेतले आणि मादी फूल कसे ओळखायचे ते दाखवू लागली.